रेडिओवरचे सकाळचे प्रँक कॉल : सव्वा महिना ऐकले, आता रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटले. पाचपैकी अडीच. त्यातले दीड एका गुरुजींचे, एक आरजेच्या आवाजाचा, आणि स्टेशनला भोपळा. स्टेशनचं नाव घेणार नाही, कारण घरातलंच एक प्रकरण त्यात अडकलंय, ते खाली येईलच.

तर झालं असं की दिवाळीच्या तोंडावर गाडीच्या स्टिरिओचं ब्लूटूथ गेलं. मेकॅनिक म्हणाला पॅनल खोलावं लागेल, दिवाळीनंतर या. दिवाळीनंतर गेलो तर म्हणाला पार्ट मागवलाय. त्यामुळे माणिकबाग ते हिंजवडी फेज टू, रोज सकाळी सव्वा तास, नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत करत मी फक्त एफएम ऐकला, बारावीनंतर पहिल्यांदाच एवढा. आणि आमच्या वेळचा रेडिओ राहिला नाही वगैरे मी म्हणणार नाही कारण आमच्या वेळेलाही आम्ही रेडिओ शिव्या घालतच ऐकायचो. पण सकाळी पावणेनऊच्या आसपास, मी साधारण चांदणी चौकातल्या रॅम्पवर असताना, जो प्रँक कॉल लागतो तो मात्र मी रोज न चुकता ऐकला. एका वेळेला तर रॅम्प चुकला आणि मुळशीकडे लागलो. (चांदणी चौकात रॅम्प चुकणं यात रेडिओचा दोष किती आणि बोर्ड लावणाऱ्यांचा किती हा वेगळा रिव्ह्यू होईल.)

हा प्रकार सकाळीच का असतो याला कारण आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावता येतं. मग सकाळी सात ते अकरा, जेव्हा सगळ्यात जास्त लोक ऐकत असतात आणि जाहिरातीला सगळ्यात जास्त पैसे मिळतात, तेव्हा बोलायचं काय? ट्रॅफिक, राशिभविष्य, कुठल्या हिरोचं कुणाशी बिनसलं ते, आणि फोनवरची गंमत. हिंदीत नावेदचा 'मिर्ची मुर्गा' आणि रेड एफएमवर रौनकचा 'बउआ' इतके गाजले की मग सगळ्यांनाच आपला एक कोंबडा हवासा झाला. त्या आधी अमेरिकेत ऐंशीच्या दशकात 'मॉर्निंग झू' म्हणून प्रकार निघाला होता, दोन-तीन जणांनी मिळून सकाळी सकाळी स्टुडिओत धिंगाणा घालायचा, त्याचीच ही नातवंडं. विविध भारतीवर, १०१ एफएमवर, अजून कुणी कुणाला फसवत नाही, तिथे फोन करणारा आधी नाव सांगतो, गाव सांगतो, आणि गाणं मागतो, आणि बाई विचारतात की जेवण झालं का.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपल्याकडे यासाठी एक शब्द नाहीये, चारपाच आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे हे आपल्याला कळतं पण रेडिओवाल्यांना कळत नाही. फिरकी घेणं म्हणजे ज्याची घेतोय त्यालाही थोड्या वेळात कळतं की घेतायत, आणि मग तोही घेतो, कट्ट्यावर चालतं ते. खेचणं म्हणजे सगळ्यांसमोर, तोंडावर. मामा बनवणं यात समोरच्याचं थोडंफार नुकसान असतं, निदान चहाचे पैसे तरी जातात. आणि शेंडी लावणं किंवा टोपी घालणं म्हणजे सरळ फसवणूक, नंतर हसायला दोघं नसतात, एकच असतो. या सेगमेंटच्या जिंगलमध्ये रोज ओरडून सांगतात की फिरकी घेणार, आणि दहातल्या सहा वेळा लावतात शेंडी.

उरलेल्या चार वेळा काय करतात? बहुतेक नाटक. माझं सगळं आयुष्य सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलंय त्यामुळे बग दिसला की सोडवत नाही, म्हणून सांगतो, खोटा कॉल ओळखणं अवघड नाही. खऱ्या माणसाला अनोळखी नंबरवरून फोन आला की तो पहिलं काय म्हणतो? 'कोण?' म्हणतो. मग म्हणतो 'नंबर कुठून मिळाला?' पुण्यात तर हे दोन प्रश्न झाल्याशिवाय संभाषण तिसऱ्या वाक्याला जातच नाही. नाटकातला माणूस थेट चिडायला सुरुवात करतो. खऱ्या फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी असते, रिक्षा असते, कुणीतरी 'अहो कोणाचा फोन' विचारत असतं, आणि दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, मग 'बोला बोला' होतं. नाटकात दोघं एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देतात! बायकोशी सुद्धा आपण असं बोलत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नाटकातला माणूस फोन ठेवत नाही. समोरचा त्याच्या बहिणीच्या लग्नात विघ्न आणतोय, त्याला काय वाट्टेल ते बोलतोय, आणि हा साडेतीन मिनिटं, जाहिरात लागेपर्यंत, लाइनवर. एका आठवड्यात जो 'वाकडचा जिम ट्रेनर' होता तोच पुढच्या आठवड्यात 'कोथरूडचा होणारा नवरा' होता, फक्त मध्ये सर्दी झाली होती.

हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. अमेरिकेत 'प्रीमियर ऑन कॉल' नावाची सर्व्हिसच होती, रेडिओ शोंना फोनवर बोलायला कलाकार पुरवायची, २०११ मध्ये त्यावर बराच गवगवा झाला होता. तिकडे त्याला एक कारणही आहे, कायदाच असा आहे की कुणाचा फोन प्रक्षेपणासाठी रेकॉर्ड करायचा तर रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी त्याला सांगायचं. आणि आधी सांगितलं की गंमत संपली, म्हणून मग नट आणा. मायामीच्या दोन रेडिओवाल्यांनी २००३ मध्ये ह्यूगो चावेझ असल्याचं भासवून थेट फिडेल कॅस्ट्रोला फोन लावला आणि मग शिव्या खाल्ल्या, त्या स्टेशनला ४ हजार डॉलरचा दंड झाला तो याच नियमाखाली. १९९५ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका रेडिओवाल्याने कॅनडाचा पंतप्रधान बनून इंग्लंडच्या राणीला पंधरा मिनिटांच्या वर बोलण्यात गुंतवलं. म्हणजे बघा, तिकडे निदान कॅस्ट्रोची नाहीतर राणीची खोडी काढतात. आपण काढतो झेरॉक्सवाल्याची.

अजून एक तक्रार, छोटी आहे पण रोज खुपते. आरजेला 'गावाकडचा माणूस' करायचा असला की तो जी भाषा बोलतो ती महाराष्ट्रात कुठेच बोलत नाहीत. 'लय' साताऱ्याचं, 'बे' नागपूरचं, हेल कुठलातरी सिरियलमधला. आमच्या ऑफिसात लातूरचा एक आहे, त्याला मी एक कॉल ऐकवला, म्हटलं हा तुमच्याकडचा आहे म्हणे. तो शांतपणे ऐकून म्हणाला, 'आमच्याकडं असा कुणी बोलला तर त्याला पाणी पाजून झोपवतेत.'

आता जे आवडलं ते. गुरुजींचा कॉल. हा खरा होता यावर मी गाडी पणाला लावतो (ब्लूटूथ नसलेली).

आरजे झाला होता कुणी रोहन म्हणून आयटीवाला, हिंजवडीचाच दाखवला होता साहजिकच, आम्ही आता विनोदाला कायमचे लागलोय. म्हणे गुरुजी, माझे चार फ्लॅट आहेत चार शहरांत, चारही ठिकाणी एकाच वेळी सत्यनारायण करायचाय, झूमवर. मागे मिक्सर चालू होता, गुरुजी कुणाला तरी म्हणाले 'अगं थांबव जरा', मिक्सर थांबला.

'करू की. चारही ठिकाणी चौरंग आहे का?'

'नाही गुरुजी, स्टडी टेबल आहे.'

'चालेल, वर धूतवस्त्र घाला. लॅपटॉप त्यावर नको, लॅपटॉप बाजूला.'

आरजेला वाटलं होतं गुरुजी भडकतील. भडकेनात. मग त्याने एक पायरी वर चढून विचारलं की कथा दीडच्या स्पीडने वाचाल का, मला साडेअकराला मीटिंग आहे.

'वाचीन. दीडच्या कशाला, आमच्या वडिलांचा दोनचा होता.'

इथे मी स्टिअरिंगवर हात आपटला. आरजेने प्रसाद ॲपवरून मागवला तर चालेल का विचारलं, तर गुरुजी म्हणाले मागवा, पण शिऱ्यात केळं घालतात का विचारून घ्या आणि माप सव्वाचं पाहिजे, ते लोक ग्रॅममध्ये देतात. शेवटी आरजेने हुकमी पान टाकलं, की पूजा एकच आहे, स्क्रीन फक्त चार आहेत, तर दक्षिणा एकाच फ्लॅटची देईन. जरा वेळ शांतता. मग गुरुजी अगदी हळू, शिकवणी घेतल्यासारखे म्हणाले, 'मेंटेनन्स किती फ्लॅटचा भरता?'

मग आरजेने सांगून टाकलं की मी अमुक स्टेशनवरून बोलतोय, तुमच्या पुतण्याने नंबर दिला. गुरुजी म्हणाले, 'हो का, मग तुमच्या स्टेशनची पूजा कधी करायची? मार्गशीर्षात गुरुवार सोडून मोकळा आहे.' आणि आरजे खरं हसला, ते जे रोजचं जिंगलवालं हसू असतं ते नाही, नाकातून निघालेलं, माइकपासून लांब गेलेलं. आणि त्यावर गुरुजींनी जाता जाता एक वाक्य टाकलं: 'आणि ते रोहन नाव बदला बुवा, संकल्पात खोटं नाव चालत नाही.'

याला म्हणतात फिरकी. माणसाला त्याच्या कामातलं इतकं येतं की तुम्ही काहीही चेंडू टाका, तो खेळून काढतो, आणि शेवटी तुमचीच विकेट. घाबरलेला माणूस विनोदी नसतो, कामात मुरलेला माणूस विनोदी असतो. असे कॉल रोज मिळणार नाहीत मान्य आहे, पण मग आठवड्यातून एकच लावा ना, कोणी सांगितलंय रोज लावा.

आता घरचं प्रकरण.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, रिटायर्ड आहेत, सहकारनगरला राहतात. नोव्हेंबर महिना. ज्यांच्या घरात पेन्शनर आहे त्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको, हयातीचा दाखला. आता फोनवरून चेहरा दाखवूनही होतो, पण काका दरवर्षी बँकेत जाऊन देतात, शर्ट इस्त्रीचा घालून. माझ्या मावसभावाने, काकांच्या सख्ख्या मुलाने, रेडिओला व्हॉट्सॲपवर माहिती पाठवली. नाव, नंबर, काय बोललं की चिडतात, सगळं. त्यांचा फॉर्मच असतो तसा.

मला काही माहीत नव्हतं. वारज्याच्या पुलावर नेहमीसारखा अडकलो होतो आणि रेडिओवर काकांचा आवाज.

आरजे म्हणत होता की पेन्शन विभागातून बोलतोय, आमच्या रेकॉर्डला तुम्ही मयत लागलेले आहात. काका म्हणाले, 'कधीपासून?' म्हणे मार्चपासून. 'मग मार्चपासून माझं पेन्शन कोण घेतंय?' मागे हशाचा ट्रॅक. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू, काका आहेतच तसे. मग आरजे म्हणाला की तेच सांगायला फोन केलाय, मार्चपासूनची रक्कम व्याजासकट वसूल करावी लागेल. त्यावर काका फक्त 'अहो पण' एवढंच म्हणाले, आणि ढँग करून म्युझिक, आणि आरजेचं ते ओरडणं की काका तुमची फिरकी घेतली, आणि जाहिरात, सोनाराची.

संध्याकाळी मावशीकडे गेलो तेव्हा कळलं की 'अहो पण' नंतर काकांनी फोन ठेवला होता. ते 'फिरकी घेतली' त्यांनी ऐकलंच नव्हतं, ते नंतर स्टुडिओत चिकटवलेलं. स्टेशनवाल्यांनी परत फोन केला तर काकांनी उचलला नाही. दोन दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग होतं. त्या दिवशी काकांनी प्लॅस्टिकची फाइल काढली, पेन्शनचे कागद, आधार, पासबुक, आणि मावशीला दूध आणतो सांगून रिक्षाने बँकेत गेले. बँक उघडायची होती. पायरीवर बसले. उघडल्यावर काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, काका तुमचा दाखला तीन तारखेलाच जमा झालाय, तुम्ही जिवंत आहात.

काका म्हणाले, 'हे लिहून द्या.'

मावसभाऊ हे सांगताना हसत होता, मग मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि थांबला. परवानगी घेतली होती का असं मी विचारलं तर म्हणे हो, मला फोन आला होता, मी म्हटलं लावा. म्हणजे आवाज काकांचा, परवानगी मुलाची. मी स्टेशनला मेल केला, अगदी नीट, शिवीबिवी न देता. चार दिवसांनी उत्तर आलं, ऐकत राहा, आणि सोबत एका पिझ्झावाल्याचं कूपन, पाचशेच्या ऑर्डरवर दोनशे सूट. काकांना दाखवलं. ते म्हणाले म्हणजे तीनशे माझेच. तेव्हापासून ते अनोळखी नंबर उचलत नाहीत. मागच्या आठवड्यात गॅसवाला खाली उभा राहून तीन फोन करून गेला, सिलिंडर परत.

आणि हे कुठल्या दिवसांत चाललंय बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं की डिजिटल अरेस्ट (फोनवर पोलीस बनून 'अटक' केल्याचं भासवायचं आणि पैसे उकळायचे) असं काही कायद्यात नसतं, असा फोन आला तर थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. म्हणजे रविवारी अकरा वाजता रेडिओ सांगतो की सरकारी माणूस म्हणून फोन आला तर घाबरू नका, आणि सोमवारी पावणेनऊला तोच रेडिओचा डबा, दुसरा बँड, सरकारी माणूस म्हणून फोन करतो आणि कोण किती घाबरतं ते ऐकवतो. सायबर चोराचा आणि आरजेचा पहिला दीड मिनिट शब्दाशब्दाने सारखा असतो, ज्येष्ठ नागरिकाने फरक कशावरून ओळखायचा, जिंगलवरून?

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका स्टेशनच्या दोघांनी राणी आणि राजपुत्र बनून लंडनच्या हॉस्पिटलला फोन केला होता, तिथे ॲडमिट असलेल्या राजघराण्यातल्या सुनेची, केटची, चौकशी करायला. ज्या नर्सने तो फोन पुढे जोडून दिला ती मूळची आपल्या मंगळुरूकडची. तिने तीन दिवसांनी जीव दिला. ते प्रकरण पुढे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१५ मध्ये निकाल लागला आणि मूळ तक्रार तीच होती, समोरच्याची परवानगी न घेता रेकॉर्डिंग लावलं. तो फोन ऐकला तर त्यात तिला कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही, आवाजही कसला हास्यास्पद काढलाय त्यांनी. कोणाला कुठे काय लागेल हे फोन करणाऱ्याला कळत नसतं एवढंच.

बाकी मग तांत्रिक बाजू चांगली आहे, साउंड स्वच्छ, एडिटिंग टाइट (फारच टाइट, वर सांगितलंच), आरजेचा आवाज खरंच गोड आहे आणि तो पोरगा हुशार आहे, ट्रॅफिकवर स्वतःच्या मनाने बोलतो तेव्हा जास्त हसवतो. भूमकर चौकावर तो परवा दोन मिनिटं जे बोलला त्याला कुठला स्क्रिप्ट रायटर लागला नसणार. त्याला मोकळं सोडा.

ब्लूटूथ परवा झालं दुरुस्त, साडेसातशे घेतले. पण गाडी चालू केली की स्टिरिओ आधी रेडिओच लावतो, ते सेटिंग कुठे बदलायचं मला अजून सापडलेलं नाही. काल चांदणी चौकात 'या महिन्यातले बेस्ट' म्हणून गुरुजींचा कॉल परत लावला होता. मी आवाज वाढवला, काच वर केली. चौरंग झाला, दीडचा स्पीड झाला, मेंटेनन्स झाला. आणि गुरुजींनी मार्गशीर्ष म्हटल्यावर लगेच ढँग. संकल्पाचं वाक्य कापलं होतं, जाहिरात लांबली असणार.